डेअरीत ठेवलेलं इन्सुलिन

औषधं घरपोच का मागवायची याची कारणं लोक वेगवेगळी देतात. कुणाला वेळ नसतो, कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणाला ते स्वस्त पडतं. आमच्या घरी कारण एकच होतं, ते म्हणजे मी. मी घराबाहेर पडू नये म्हणून माझं इन्सुलिन पार्सलनं यायला लागलं. हे मला तोंडावर कुणी सांगितलं नाही. आमचा मुलगा पुण्यात असतो. त्याच्याशी फोनवर माझ्याबद्दल बोलायचं असलं की बायको आवाज खाली आणते, आणि कसबा बावड्यात आवाज खाली आणणं म्हणजे समोरच्या घरात ऐकू जाणार नाही इतपत बोलणं. मी तर शेजारच्याच खोलीत होतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. मधुमेह नोकरीत असतानाच लागला. आधी गोळ्या होत्या, निवृत्तीनंतर इंजेक्शन आलं, सकाळ-संध्याकाळ पोटात टोचून घ्यायचं. त्याची बाटली मी मोठ्या रस्त्यावरच्या मेडिकलमधून आणायचो. चालत जायचो, चालत यायचो. वाटेत जुने विद्यार्थी भेटायचे. चित्रकलेच्या मास्तरानं कुणाला नापास केलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा डूख नसतो आणि जो तो त्याला चहा पाजतो. "सर, बसा की. घोटभर घ्या." बिनसाखरेचा मागितला तर टपरीवाला तोंडाकडे बघत राहतो, त्याला वेगळं पातेलं चढवावं लागतं. मग मी आहे तो घ्यायचो. कधी कधी. बायकोच्या मते रोज.

"औषध आणायला जाताय का चहाला?" ती विचारायची.

तेव्हा तिचा संशय अगदीच हवेतला नव्हता, एवढं मान्य करायला हवं. पण तिला संशयाची गोडीच आहे. भाजीवाल्याचा तराजू, गॅसची टाकी, पाहुण्यांची जवळीक, सगळ्याकडे ती एक डोळा बारीक करून बघते. मीही काही कमी नाही. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर कुणाचा गुण कुणाला लागला हे आता सांगता येणार नाही.

मुलानं डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो कुठंतरी पाठवला आणि मला फोनवर सांगितलं, "बाबा, आता तुम्ही उन्हातून जायचं नाही. दारात येईल." मला ते पहिल्यापासून पटलं नाही. मेडिकलवाला माझ्या डोळ्यांदेखत फ्रीजमधून बाटली काढायचा, बर्फाची पुडी लावून पिशवीत घालायचा आणि "तडक घरी जावा" म्हणायचा. तो मुलखाचा लबाड असेल, पण दिसणारा लबाड होता. इथं माणूसच दिसत नव्हता. कुठल्या गोदामात, कुणाच्या हातानं, कधी भरलं, काही पत्ता नाही. आणि त्यावर माझा जीव चालायचा.

पहिलंच पार्सल मी परत घालवलं. ते आणणारा पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, ओटीपी सांगा." बँक मला आठवड्यातून चारदा मेसेज पाठवून सांगते की हा आकडा कुणालाही सांगू नका, आणि हा हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस माझ्या दारात येऊन तोच मागतोय. मी म्हटलं, "न्हाई सांगत." तो म्हणाला, "मग पार्सल देता येत न्हाई." मी म्हटलं, "मग नेतोस तिकडं ने." त्यानं नेलं. संध्याकाळी घरात जो गदारोळ झाला त्याचं वर्णन करत नाही. त्या दिवसापासून पार्सलवर माझा नंबर गेला आणि बायकोचा आला. माझ्या औषधाची मालकी अशी तिच्याकडे गेली.

आता ही पार्सलं यायची दुपारी, आम्ही आडवे झालो की. आमची वसाहत नवी आहे. घरांना नंबर आहेत, पण ते प्लॉट जसे विकले गेले तसे पडलेत, ओळीनं नाहीत. बाहेरच्या माणसाला इथं सहसा घर सापडत नाही, कोपऱ्यावरची दूध डेअरी मात्र सापडते. त्यामुळे सगळी गल्ली फोनवर एकच वाक्य बोलते, "डेअरीत ठेवा." साड्या, चपला, मुलांची पुस्तकं, सगळं डेअरीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीबरोबर घरी येतं. डेअरी चालवतात त्या वहिनी मूळच्या कोडोलीच्या. आवाज असा की गिऱ्हाईक कोण आलंय आणि काय घेतंय हे आम्हाला घरबसल्या कळतं. पण मनानं फार चांगली बाई. कुणाचं पार्सल कधी इकडचं तिकडं झालं नाही.

दुसऱ्या खेपेचं पार्सल मिळालं तेव्हा बायकोनं पाहिलं, की ते काउंटरवर काचेपाशी उन्हात पडलं होतं. मी तिच्यासोबतच होतो. ती म्हणाली, "वहिनी, ह्ये इन्सुलिन हाय. थंड ठेवावं लागतंय बघा. चांगलं थंड." आणि तिथल्या तिथं, माझ्याकडे न बघता, पुढचं वाक्य जोडलं, "आणि ह्यांना तुमच्याकडचं कायबी द्यायचं न्हाई. आईस्क्रीमच्या फ्रीजरला हातसुदिक लावू द्यायचा न्हाई."

वहिनी खदखदून हसल्या. "बघते की मी. सर, आता गाठ माझ्याशी हाय!"

दोन्ही कामं त्यांनी इमानानं केली.

त्यानंतर माझी शुगर चढायला लागली. आधी थोडी, मग जास्त. घरात शुगर बघायचं मशीन आहे. सकाळी बोट टोचलं की बायको चष्मा लावून आकडा बघायची आणि मग चष्म्यावरून मला बघायची. "काल कुठं गेल्तासा?" कुठंही गेलो नव्हतो. टपरी सोडून दिली होती, आणि तीही पथ्य म्हणून नाही, हट्टानं. पार्सल सुरू झालं तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, बघू, आता मी साखरेचा कणसुद्धा तोंडात घालत नाही, मग ही कुणावर आळ घेते ते बघू. कणसुद्धा घातला नाही. तरी आकडा वर.

गुऱ्हाळांचे दिवस होते. तिच्या भावानं गुळाची ढेप पाठवली होती. तिनं ढेपेवर बोटानं तुपाची रेघ ओढून ठेवली, फोडली तर कळावं म्हणून. माझ्या सदऱ्यांचे खिसे धुवायच्या आधी उलटे व्हायला लागले. मी बाहेरून आलो की ती पाण्याचा तांब्या देता देता जवळ येऊन वास घ्यायची. तरुणपणी इतक्या वेळा जवळ आली नव्हती, असं मी म्हटलं तर तिला हसू आलं नाही. न्हाव्याकडे चौकशी झाली. शेवटी तिनं ती ढेपच कामवालीला देऊन टाकली आणि स्वतःसुद्धा बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. तोंड वाकडं करून प्यायची. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, दोन्ही एकाच घोटात.

मला संशय पार्सलचाच होता. बाटली उजेडात धरली की आतल्या काचेला पिठासारखे कण चिकटलेले दिसायचे. माझं इन्सुलिन दुधाळ असतं, हातात घोळवलं की एकजीव होतं. हे होत नव्हतं. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आता औषधावर घाला." मुलाला फोटो पाठवला. त्यानं कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की माल तपासूनच निघतो. गोड आवाजाचा मला आणखी संशय आला. मग मी बाटली घेऊन जुन्या मेडिकलवाल्याकडे गेलो. त्यानं ती बघितली न बघितली आणि म्हणाला, "पार्सलचं असंच असतंय, सर. आमाला सोडून गेलासा न्हवं?" त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं, तो दुसरं काय म्हणणार? त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा तर तो दुकानदार, कंपनीवर ठेवावा तर तीही दुकानदारच. मी बाटली खिशात घालून परत आलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "चहा झाला?"

त्याच सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक फोड आला. कशानं आला कळलं नाही, कारण मधुमेहात पायाला काही कळतच नाही. फोड फुटला आणि तिथं जखम राहिली. ती भरेना. मी घरात मोजे घालायला लागलो. सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच होती की ती म्हणणार, बघा, म्हणजे खाताय. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. पण उन्हाळा लागल्यावरही घरात मोजे घालणारा माणूस संशयी बायकोच्या नजरेतून किती दिवस सुटणार? तिनं एका सकाळी मोज्यावर डाग बघितला, मला खुर्चीत बसवलं आणि मोजा काढला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण तिचा चेहरा बघून माझाच धीर सुटला.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, रिपोर्ट बघितले आणि पेन खाली ठेवलं. "सर, शुगर खाली आली नाही तर ही जखम भरणार नाही. मग अंगठा ठेवता येणार नाही. आणि ते अंगठ्यावर थांबेल असंही मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, "बाई, मी गोड खात नाही." त्या सौम्यपणे हसल्या. "सगळे पेशंट असंच म्हणतात." त्यांनी डोस वाढवला. बायकोनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघा, मी रोज काय सहन करते. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आम्हाला खरं सांगा. आम्ही रागावणार नाही." साठीच्या पुढं गेलेल्या बापाला असं बोलायचं. मला इतका अपमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पण त्याहून वाईट पुढं झालं. सगळे इतक्या खात्रीनं सांगतात म्हटल्यावर मलाच माझा संशय यायला लागला. मी झोपेत उठून खात असेन का? विसरत असेन का? एका दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत माझ्या बोटांचे ठसे दिसतात का ते बघत उभा राहिलो. ती मागं येऊन उभी होती. आता तिला काय सांगणार?

मग मी ठरवलं की पुढचं पार्सल आलं की ते मधे कुणाचा हात लागायच्या आत आपण ताब्यात घ्यायचं. माझा समज असा झाला होता की अस्सल माल वाटेत बदलला जातो. बायकोच्या फोनवर मेसेज वाजला तेव्हा ती झोपली होती. पार्सल या खेपेला सकाळीच डेअरीत पोचवल्याचा, उशिरा आलेला मेसेज होता. मी चप्पल घातली आणि लंगडत डेअरी गाठली.

"वहिनी, माझं पार्सल द्या."

"बाईंकडं देते की सकाळी."

"माझं औषध आहे. मला द्या."

"न्हाई सर. तुमी समोर असताना फ्रीजर उघडायचा न्हाई, असं ठरलंय आमचं."

"फ्रीजर कशाला उघडायचा? मला आईस्क्रीम नकोय."

"अवो, त्यातच हाय की तुमचं औषध!" वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "दर टायमाला तळाशी बर्फात ठेवते. बाई म्हणाल्या हुत्या न्हवं, चांगलं थंड."

इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं, हे मला आणि बायकोला पहिल्या बाटलीपासून माहीत होतं. मेडिकलवाल्यानं तेव्हाच बजावलं होतं, फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फात कधीच नाही. मी फ्रीजरच्या झाकणाला हात घातला. वहिनींनी माझा हात धरला. गिऱ्हाइकं बघायला लागली. त्यांच्या मते म्हातारा आईस्क्रीमसाठी हातघाईवर आला होता. शेवटी मी बायकोला फोन करून उठवलं आणि म्हटलं, "ये. आहेस तशी ये."

ती आली, केसही न बांधता. तिला बघून वहिनींनी लगेच झाकण उघडलं, फॅमिली पॅकचे डबे बाजूला केले आणि तळातून खोकं काढलं. त्यावर पांढरा बर्फ साचला होता. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं तर ठक्क आवाज झाला.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "दगड झालाय नुसता."

बायको दर वेळी सकाळी दुधाला जायची तेव्हा हे खोकं घेऊन यायची, आणि थंडगार लागतं म्हणजे कंपनीनं बर्फ चांगला घातलाय असं समजायची. तिनं खोकं उचलून छातीशी धरलं. घरी येईपर्यंत ते तसंच धरून चालली. मी मात्र काही ऐकायला थांबलो नाही. पायरीवरच मुलाला फोन लावला आणि ओरडलो, "मी खाल्लं नव्हतं! ऐकतोयस का? मी काहीही खाल्लं नव्हतं!" मला इतका आनंद झाला होता की पायाचा विसर पडला. मागं वळून बघितलं तर ती पायरीवर खोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याचा बर्फ तिच्या पदरावर वितळत होता.

डॉक्टरीणबाईंना विचारून जुन्या मेडिकलमधून ताजी बाटली आणली. वाढवलेला डोस त्यांनी खाली आणला आणि शुगर ऐकायला लागली. पण अंगठा तोवर थांबला नव्हता. तो काळा पडत गेला आणि काढावा लागला. पाय वाचला, हे नशीब.

दवाखान्यात बायको दिवसभर पलंगाशी बसून असायची. तिनं मला आधीच बजावलं होतं, "वहिनींना कायबी सांगायचं न्हाई. बाई जिवाला लावून घेईल." मी म्हटलं, ठीक. एका दुपारी वहिनी शहाळं घेऊन बघायला आल्या. बांधलेला पाय बघून त्यांचे डोळे भरले. जाताना दारातून, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, आता तरी जिभेला आवर घाला." आजूबाजूच्या पेशंटांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घालतो." बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

वहिनी गेल्यावर ती परत पलंगाशी येऊन बसली. गेले कित्येक दिवस तिला झोप नव्हती, डोळ्यांखाली काळं धरलं होतं. शहाळ्याचा पेला माझ्या हातात देऊन तिनं चादर नीट केली, दुमडलेली कड परत दुमडली. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू, खरोखर हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. त्या दिवसांत एकदाबी काय खाल्लं न्हाई तुम्ही?"

माझा संताप एकदम टाळूपर्यंत गेला. इतकं सगळं होऊन, अंगठा जाऊन, अजून? ओठांवर आलं होतं की वहिनींना थंड ठेवा कुणी सांगितलं, फ्रीजरला हात लावू देऊ नका हे कुणी सांगितलं. पण तिचा हात चादरीवरच राहिला होता, जिथं अंगठा असायचा त्याच्या जरा वर. तेव्हा मला कळलं की ही माझ्यावर संशय घेत नाहीये. ती काहीतरी मागतेय.

"खाल्लं होतं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

"पेठ वडगावला बारशाला गेलो होतो ना, तुझे गुडघे दुखत होते तेव्हा. तिथं पेढे खाल्ले. दोन-तीन. आणि येताना बासुंदी."

"तरीच," ती म्हणाली. तिचे डोळे वाहायला लागले, पण आवाज एकदम जुना, करडा झाला. "मला माहीतच होतं. तोंडावर ताबा म्हणून न्हाई तुमचा." मग तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची भिंतीला लावली, डोकं टेकलं, आणि थोड्याच वेळात तिला गाढ झोप लागली.